बेटावरचा जास्तीचा तास

जेट्टीवर पोचले तेव्हा आठ वाजले होते. सहलीची लाँच सुटायला तयार असायला हवी होती. प्रत्यक्षात ती दोराने बांधलेली होती, बाकांवरच्या गाद्या उन्हाला उभ्या केल्या होत्या आणि एक माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बादलीने डेक धूत होता. त्याने अर्धी बादली माझ्या ओढणीवर ओतली, मग मान वर केली.

"तुम्ही एक तास आधी आलात," तो म्हणाला. माफीबिफी काही नाही.

मी मनगट पुढे केलं. आठ. त्याने स्वतःचं मनगट पुढे केलं. सात.

तेव्हा कुठे आदली संध्याकाळ आठवली. बेटावर उतरल्या उतरल्या गार पंचे आणि सरबताबरोबर आम्हाला एक विनंती केली गेली होती – घड्याळ तासभर पुढे करा. खाजगी बेट, त्याची वेळही खाजगी. सगळा किनारा सहाला अंधारात जायचा, पण बेटावर सातपर्यंत सूर्य रेंगाळायचा. पाहुण्यांची संध्याकाळ लांबावी म्हणून मालकाने काटाच सरकवला होता. मी माझा काटा मुकाट्याने पुढे केला. मावशीने नाही केला. मावशी छत्तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त झाल्यावर तिने पहिली हौस केली ती हीच – बेटावर आठ दिवस, आणि खोली दोघांची असते म्हणून सोबतीला मी, तिची बिनलग्नाची भाची. स्वागताला उभ्या असलेल्या मुलीला ती म्हणाली, "बाळ, ज्या घड्याळावर मी माणसांना औषधं दिली, ते मी सूर्यास्तासाठी हलवणार नाही."

लाँच मात्र किनाऱ्यावरची, आणि सहली किनाऱ्याच्या वेळेने सुटायच्या. तसं सहलीच्या चिठ्ठीच्या तळाशी छापलंही होतं, अगदी बारीक अक्षरांत. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणं हाच माझा धंदा. हे त्याला सांगितलं तेव्हा तो हसला, ओठांनी नव्हे, डोळ्यांच्या कडांनी. एक कोरडी गादी त्याने माझ्यासाठी जेट्टीवर टाकली.

"बसा मग, चष्मेवाल्या. तासाभराने मी सगळ्यांचा, तोवर डेकचा."

मी बसले. तो डेक घासत राहिला. पाण्यावर ऊन उतरत होतं आणि आम्ही फारसं काही बोललो नाही… तरी आठ वाजले तेव्हा, म्हणजे त्याचे आठ, मला वाटलं की किनाऱ्याचे तास बेटाच्या तासांहून आखूड असतात.

त्या दिवशी दीपगृह पाहिलं. एकशे बेचाळीस पायऱ्या. वर पोचल्यावर मावशीने स्वतःची नाडी मोजली, माझी मोजली, मग लाँचवाल्याचीही मोजली आणि त्याला 'कप्तान' ही पदवी दिली. खाली उतरताना मला म्हणाली, मुलाची नाडी चांगली आहे, जरा घाईत आहे इतकंच.

दुसऱ्या दिवशी मला वेळेतला फरक पक्का ठाऊक होता. तरी माझे आठ वाजताच मी जेट्टीवर हजर. गादी आधीच टाकलेली होती. शेजारी थर्मास, आणि पेले दोन.

"आजही घड्याळ चुकलं वाटतं," तो पेला पुढे करत म्हणाला.

"चुकलं."

"होतं असं," तो म्हणाला आणि समुद्राकडे बघत राहिला.

मग ते रोजच चुकायला लागलं. तो तास बेटाचा नव्हता, किनाऱ्याचाही नव्हता. दोन वेळांच्या मध्ये सांडलेला तास, आम्ही दोघं तो ओंजळीत धरून बसायचो. त्याने मला पाणी वाचायला शिकवलं. काळसर दिसतं तिथे खोल, हिरवट दिसतं तिथे वाळू, आणि जिथे काहीच दिसत नाही तिथे खडक, तिथून जपून. मी त्याचे डोळे तपासले. एक हात डोळ्यावर ठेवायला लावून दूर पाण्यात तरंगणाऱ्या बोयावरचे आकडे वाचायला सांगितले. त्याने ते घडाघडा वाचले, वर बोयावर बसलेल्या पक्ष्याची चोच कुठल्या दिशेला आहे तेही सांगितलं. तपासणी तिथेच संपत होती. मी मात्र म्हटलं, हलू नका, जरा माझ्याकडे बघा… आणि तो बघत राहिला. दिवसाला पन्नास माणसांच्या डोळ्यांत बघते मी. उलट माझ्या डोळ्यांत आजवर कुणी बघितलं नव्हतं. हातातला पेला कलंडून चहा सांडला, तेव्हा कुठे तपासणी संपली.

खोलीत आमची बडदास्त राजाची होती. जमिनीतच काचेचा चौकोन, खाली मासे. उशांची यादी वेगळी – मऊ, अतिमऊ, मानेसाठी, कुशीसाठी. मावशीने वाचून परत केली आणि एक उशी मागवली, कडक. संध्याकाळी एक गृहस्थ अदबीने विचारून जायचा, स्नानाचं पाणी किती अंश गरम हवं. सगळं काही मिळायचं त्या खोलीत, फक्त सकाळ लवकर मिळत नव्हती.

चौथ्या दिवशी मावशी वर्तमानपत्रामागून म्हणाली, "घड्याळ चुकायला एक दिवस पुरतो. चार दिवस चुकत असेल तर डोकं तपासायला हवं. नाहीतर हृदय. मी दोन्ही वॉर्डांत काम केलंय, मला लक्षणं ठाऊक आहेत."

मी काचेतले मासे मोजायला लागले.

सहाव्या दिवशी त्याने आम्हाला वाळूच्या पट्ट्यावर नेलं. ओहोटीच्या वेळी भर समुद्रात दोन तास ही जमीन वर येते आणि मग नाहीशी होते. जोडपी फोटो काढत होती. एका जोडप्याने त्याला भरभरून सांगितलं, पुढच्या वर्षी नक्की येतो, तुमच्याच लाँचवर. तो मान हलवून हसला. कधी येणार, हे मात्र त्याने विचारलं नाही. तो ते कुणालाच विचारत नाही, हे आधीही माझ्या लक्षात आलं होतं. का, म्हणून मी छेडलं.

आधी त्याने टाळलं. मग पायाने वाळूत रेघा ओढत सांगितलं. तीन वर्षांपूर्वी एक पाहुणी आली होती. चित्रं काढायची. जाताना त्याने विचारलं, पुन्हा कधी? तिने महिना सांगितला, वारही सांगितला. त्या वारी तो दाढी करून, नवा शर्ट घालून जेट्टीवर उभा राहिला. पुढच्या आठवड्यातही त्याच वारी, त्याच शर्टात. मग शर्ट जुना झाला.

"ती खोटं बोलली नव्हती," तो म्हणाला. "बेटावर सगळ्यांना सगळं खरंच वाटतं. आठव्या दिवशी माणूस निघतो आणि भरतीसारखं सगळं ओसरतं. तेव्हापासून तो एक प्रश्न सोडून मी पाहुण्यांना काहीही विचारतो."

पाणी घोट्याशी आलं होतं. आम्ही लाँचवर चढलो. मागे वळून पाहिलं तर पट्टा उरला नव्हता. नुसतं हिरवट पाणी.

त्या घटकेपासून मला एकच ध्यास लागला. त्याने मला विचारावं. बाकी काही नको – नुसतं 'पुन्हा कधी?' एवढंच. सातव्या सकाळी तो तासभर बोलला, इंजिनाबद्दल, वाऱ्याबद्दल, दोन महिन्यांनी वारा सुटला की समुद्र बंद होतो आणि लाँच ओढून वर घेतात त्याबद्दल. मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबायची. तोही थांबायचा. मग पुन्हा इंजिन.

आठव्या दिवशी तो आम्हाला किनाऱ्यावर सोडायला निघाला. सामान चढवताना मावशीने मला बाजूला घेतलं.

"काही पेशंट घंटा वाजवत नाहीत," ती म्हणाली. "कितीही दुखलं तरी. त्यांच्याकडे आपणच फेरी मारायची असते." आणि ती पार पुढच्या बाकावर, वाऱ्यात, पदर घट्ट धरून जाऊन बसली. तिला वारा मुळीच सोसत नाही.

मी मागे सुकाणूपाशी गेले. छातीतली धडधड इंजिनात मिसळत होती.

"मला विचारा ना," मी म्हटलं. "काय ते तुम्हाला कळतंय. मी खरं तेच सांगेन."

"सांगालच," तो म्हणाला. नजर पाण्यावर. "म्हणूनच नाही विचारत. आत्ता तुम्ही 'हो' म्हणाल, आणि मी त्यावर घर बांधीन."

"मग कधी विचाराल?"

"ओसरून जाऊ दे. त्यानंतर काही उरलं तर…"

वाक्य तिथेच राहिलं. किनारा मोठा होत गेला, घरांना खिडक्या फुटल्या. जेट्टीला दोर लावून त्याने मावशीला हात देऊन उतरवलं, बॅगा उतरवल्या. मग मला हात दिला. मी उतरले, तरी तो क्षणभर तसाच राहिला.

"तुमचं दुकान… कुठल्या वारी बंद असतं?" त्याने विचारलं.

"बुधवारी."

"असं," तो म्हणाला आणि दोर सोडायला वळला.

एवढ्या एका 'असं'वर मी घरी आले. पहिला बुधवार केस धुण्यात गेला. दुसरा बुधवार खिडकी पुसण्यात. तिसऱ्या बुधवारी वहिनी म्हणाली, आज कुणी बघायला येणार आहे का, सकाळपासून चौथ्यांदा भांग काढतेस. चौथ्या बुधवारी मी त्याच्यावर रागावले. पाचव्या बुधवारी स्वतःवर, कारण माझं काहीच ओसरत नव्हतं. दुकानात मी लोकांना विचारायची, हे स्पष्ट दिसतंय की ते? लोक सांगायचे. मला मात्र डोळे मिटले की जास्त स्पष्ट दिसायचं. सहावा गेला, सातवा गेला. वर्तमानपत्रात मी आधी वाऱ्याचा अंदाज वाचायची. आठव्या बुधवारी छापून आलं की तिकडे वारा सुटला, समुद्र बंद झाला. मला त्याच्या लाँचचं पोट दिसलं, वाळूवर ओढून ठेवलेलं, कोरडं.

नवव्या बुधवारी सकाळी मावशीचा फोन आला.

"कप्तान माझ्याकडे बसलाय," ती म्हणाली. "रिसॉर्टच्या पावतीवर माझाच पत्ता होता, म्हणून इथे आला. चहा दिलाय. बीपी तपासलं, वाढलंय. तू सावकाश ये."

सावकाश… मावशीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही. दोन जिने चढून गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं. आतून मावशीचा वॉर्डातला आवाज येत होता.

किती दिवस मुक्काम, तिने विचारलं. त्याने सांगितलं, समुद्र उघडेपर्यंत. एका कारखान्यात इंजिनांचं काम मिळालंय, राहायला खोलीही बघितली आहे.

"आणि समुद्र उघडला की?"

आत कपबशीचा आवाज झाला. माझा हात दारावर होता. नऊ बुधवार थांबले होते, आता एक श्वासभरही थांबवत नव्हतं… तरी मी थांबले.

"माझं काही ओसरलं नाही," तो सावकाश म्हणाला. "त्यांचं काय झालं, तेच विचारायला आलोय."

मी दार ढकललं.