डाव्या तबकडीवरचा हात

दातांच्या डॉक्टरांनी पंचवीस वर्षांनी पुन्हा डीजे व्हायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने एवढंच विचारलं, "अहो, गुडघ्यांना विचारलंत का?" बाई शाळेच्या मुख्याध्यापिका. शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या आणि निरोप समारंभात गाणी लावायचा मान डॉक्टरांनी हट्टाने मागून घेतला होता. "माझ्या शाळेसमोर हसं झालं, तर ते खेळणं माळ्यावर जाईल," असं त्यांनी बजावलं होतं, आणि बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

खेळणं म्हणजे लॅपटॉपला जोडायचं एक चपटं यंत्र. दोन तबकड्या आणि एक जादूचं बटण, सिंक. ते दाबलं की दोन गाण्यांचे ठेके आपोआप जुळतात. पूर्वी रेकॉर्डच्या काळात हे काम कानाने करावं लागे. डावी रेकॉर्ड त्यांच्या डीजे जोडीदाराची, उजवी डॉक्टरांची. ज्याचा ठेका चुकेल त्याने सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. जोडीदाराने जन्मात एक कप विसळला नाही. सहा वर्षांपूर्वी तो गेला.

दुपारी दवाखाना बंद करून डॉक्टर मागच्या खोलीत सरावाला बसले. खोलीत लवंगतेलाचा वास कोंडलेला. सिंक दाबलं. दिवा लागला... आणि विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा विझला. दुकानात नेलं, तर तिथे यंत्र अगदी शहाण्यासारखं वागलं.

"साहेब, हे ठणठणीत आहे," दुकानदार म्हणाला. "तुमच्याच घरात काही..."

परत आल्यावर डॉक्टरांनी बटण दाबून धरलं. बोटावर टपली बसली. गार, पण ओळखीची.

डॉक्टरांची बोबडी वळली. पण शनिवार तोंडावर आला होता.

"अरे... तूच ना?" ते कुजबुजले. "कानाने नाही जमत रे आता. लबाडी नको तर नको... पण माझी लाज राख."

बराच वेळ काही झालं नाही. मग डावी तबकडी, कोणी हात न लावता, केसभर मागे सरकली. ठेके जुळले. डॉक्टर खुदकन हसले.

शनिवारी संध्याकाळी धमाल उडाली. गणिताचे सरसुद्धा नाचले. सात वाजले, रखवालदाराने किल्ल्या वाजवल्या, डॉक्टरांनी गाणं थांबवायचं बटण दाबलं. ते थांबेना. कार्यक्रम संपवणं जोडीदाराला कधीच मान्य नसे. डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला, स्पीकरचा प्लग काढला. गाणं चालूच. नाचणारे एकेक करून थबकले...

बाई पुढे आल्या. "सगळे खाली बसा."

सगळे बसले. डॉक्टरही बसले. त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीची गादी हळूहळू दबली.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हाताची घडी, तोंडावर बोट."

गाणं बंद पडलं.

"आणि उद्या पालकांना घेऊन यायचं."

लोक पोट धरून हसले. डॉक्टर हसले नाहीत. जोडीदाराचे आईवडील त्याच्याही आधी गेले होते.

रविवारी सकाळी दवाखान्याची घंटा वाजली. दारात कोणी नव्हतं. फक्त बाहेरच्या बाकावरच्या तिन्ही गाद्या दबलेल्या होत्या.