तीन नंबरच्या पॉइंटवरची व्हॅन

दिवा राहू दे तसाच, फक्त तो मोबाईल उलटा ठेव. डोळ्यांवर उजेड आला की मला सांगता येत नाही. ही गोष्ट माझ्या साडूची आहे, आणि साडू अजून चांगला धडधाकट आहे. खोटं वाटत असेल तर उद्या जाऊन विचारा. तो सांगणार नाही, विषय बदलेल. पण तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघा.

तो टॅक्सी चालवतो, विजेवरची. घेतली तेव्हा महिनाभर आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या त्याने. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. जणू आमच्या जुन्या गाड्यांनी त्याचं काही घोडं मारलं होतं.

गेल्या जानेवारीतली, दुसऱ्या शनिवारची रात्र. एक वाजून गेला होता. त्याच्या आईला दम लागला. फुप्फुसं आधीच थकलेली, घरात ऑक्सिजनचं मशीन होतं, पण त्या रात्री मशीन लावूनही म्हातारीचे ओठ निळे पडायला लागले. डॉक्टर फोनवर म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात आणा. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. साडूने आईला मागच्या सीटवर उशांना टेकवून बसवलं, मशीन तिच्या पायाशी ठेवलं आणि गाडीतल्याच प्लगवर लावलं. त्या गाड्यांत तशी सोय असते. बायको पोरांपाशी थांबली आणि हे मायलेक निघाले.

आता बघा, गाडी बॅटरीवर आणि म्हातारीचा श्वासही त्याच बॅटरीवर. आणि ती बॅटरी दिवसभर भाडी मारून निम्म्याच्याही खाली आलेली. हा गडी म्हणाला, पुरेल. थंडीत बॅटरी लवकर उतरते हे त्याला चांगलं ठाऊक होतं, पण घाईत कुणाला सुचतं? अर्ध्या वाटेत गाडीने लाल खूण दाखवली.

हायवेवर एक चार्जिंगची जागा आहे. एका पंपवाल्याने पेट्रोल बंद करून उभी केलेली. वर झगमगीत निळा पत्रा, आणि खाली नुसता उकिरडा. मागच्या संडासाचं पाणी पुढपर्यंत वाहत आलेलं, त्यात कागदाचे कप, उष्टं अन्न, कुणीतरी ओकलेलं. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय. चार पॉइंट, त्यातले तीन बंद. चालू होता तो तीन नंबरचा, आणि तिथे एक पार्सलची पांढरी व्हॅन लागलेली.

पॉइंटवरचा दिवा हिरवा होता. म्हणजे व्हॅन पूर्ण भरलेली. ड्रायव्हर आत सीट मागे टाकून झोपलेला, तोंडावर रुमाल. ह्या ड्रायव्हर लोकांत एक रीत आहे. गाडी लावायची आणि आत झोपायचं. दिवा हिरवा झाला की मागच्याने येऊन टपावर दोनदा थाप मारायची. उठला तर ठीक, नाही उठला तर त्याच्या गाडीतली गन उपसायची आणि आपल्या गाडीत खुपसायची. गन म्हणजे त्या जाड वायरीच्या टोकाची मूठ. दार उघडून कुणाला हलवायचं नाही. झोपमोड झाली की भांडण होतं ना.

साडूने दोनदा थाप मारली. काही नाही. काच वाजवली. काही नाही.

त्याने गन उपसली. मूठ चिकट होती. थंडीची रात्र, आणि मूठ मात्र कोमट, घामट, कुणीतरी तासभर हातात धरून बसल्यासारखी. हाताला काहीतरी लागलं, त्याने पॅन्टला पुसलं आणि पुसल्यावर वास आला. मला सांगताना सुद्धा त्याने तो हात मांडीला घासला होता.

त्याने गन शेजारी उभ्या आपल्या गाडीला लावली. चार्जिंग सुरू झालं. जीव भांड्यात पडला. आत येऊन बसला तर आई मागून म्हणाली, ‘‘उठला का रे तो?’’

‘‘झोपू दे गं त्याला. आपलं काम झालं.’’

‘‘दार उघडून बघितलंस?’’

‘‘आई, तू बोलू नकोस. दम लागेल.’’

मशीन घुरघुरत होतं. मग ती म्हणाली, ‘‘मला असं कुणी काचेतून बघून सोडून दिलं तर चालेल तुला?’’

आईपुढे कुणाचं चाललंय? साडू चरफडत उतरला. व्हॅनच्या दाराला हात घातला. दाराला कुलूप नव्हतं.

दार उघडलं आणि आतून गार हवा आली. फ्रीज उघडल्यावर येते तशी. जानेवारीत, त्या रात्री, आत एसी चालू... आणि त्या गारव्याच्या मागून वास. गोडसर. ओला. घशात जाऊन बसणारा.

‘‘भाऊ,’’ साडू म्हणाला.

तो जरा आत वाकला.

‘‘ओ भाऊ...’’

त्याने खांद्याला हात लावला. शर्ट ओला होता. खांदा मऊ लागला. जरा जास्तच मऊ. बोटं आत गेली... आत जात राहिली...

रुमाल हलला. श्वासाने हलतो तसा. एकदा.

साडू मागे पडला तो त्या घाण पाण्यातच. उठून धावत केबिनकडे गेला. तिथला वॉचमन कानात वायरी घालून पेंगत होता. दोघं टॉर्च घेऊन आले. तीन नंबरच्या पॉइंटपाशी साडूची टॅक्सी उभी होती, गन तिला लागलेली, मशीन चालू, आई आत. शेजारची जागा रिकामी. व्हॅन नाही. व्हॅन निघाल्याचा आवाज नाही. हो, त्या गाड्यांना आवाज नसतोच, पण चाकांची ओली खूण तरी राहील की नाही? तीही नाही.

वॉचमनने टॉर्च विझवला. म्हणाला, ‘‘पांढरी होती? पार्सलची?’’

मग त्याने सांगितलं ते ऐका. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एक पार्सलवाला दुपारी आला. छातीत दुखतंय म्हणत होता. पुढे हॉस्पिटलला जायचं म्हणाला, पण गाडी पोचेल एवढं चार्जिंग नव्हतं. त्याने गाडी लावली, एसी लावला, तोंडावर रुमाल घेतला. त्याचा जीव तिथेच गेला. गाडी भरली, दिवा हिरवा झाला, एसी चालूच. माणसं येत राहिली. टपावर थापा मारल्या. आई-बहिणीवरून शिव्या दिल्या. गन उपसली, आपापल्या गाड्या भरल्या. एकाने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, असल्या आळशी लोकांमुळे जागा मिळत नाही. शंभर जणांनी त्यावर लाइकचे अंगठे टाकले. मालक स्वतः येऊन काचेवर थुंकून गेला. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. शेवटी व्हॅनची बॅटरी संपली, एसी बंद पडला, आणि उन्हात वास सुटला तेव्हा कुठे कळलं.

‘‘दार उघडंच होतं हो,’’ वॉचमन म्हणाला. ‘‘मीसुद्धा वाजवलं होतं. नुसतं वाजवलं.’’

आणि मालकाने काय केलं? प्रेत गेल्यावर पाइपने जागा धुतली आणि संध्याकाळी पॉइंट पुन्हा चालू. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते हेच. मला भुतापेक्षा त्या माणसांची शिसारी येते. त्या ग्रुपवर आपल्या ओळखीचे सुद्धा असतील. हसू नकोस, तू पण असतोस असल्या ग्रुपांवर.

साडूने पुरेल एवढं भरलं आणि निघाला.

थोडं पुढे गेल्यावर गाडीत गारठा वाढला. त्याने हीटर लावला. गाडीच्या पडद्यावर हीटर चालू दिसत होता. हवा गारच.

मग तोच वास.

त्याने काच खाली केली. वास गेला नाही. आई मागे काहीतरी बोलत होती. त्याला वाटलं, फोनवर. फोन तर त्याच्या खिशात होता.

‘‘सरकते हं जरा,’’ आई म्हणाली.

उशी घसरल्याचा आवाज आला. मग खटका. बारीक.

त्याने आरशात बघितलं नाही.

‘‘आई...?’’

‘‘तू पुढे बघ.’’

मशीन घुरघुरत होतं. त्या घुरघुरीत आणखी एक श्वास होता... उशिरा येणारा... आत गेला की बराच वेळ बाहेर न येणारा. साडूच्या पाठीला घाम फुटला. गाडी गारठलेली, आणि ह्याला घाम. बॅटरीचा आकडा भराभर खाली येत होता. एकटी म्हातारी एवढं खात नाही, हे त्याला कळत होतं.

‘‘आलं हं,’’ आई हळूच म्हणाली. ‘‘आलंच आता हॉस्पिटल. थोडा धीर धरा.’’

अहो-जाहो करत होती. मुलाला कोण अहो-जाहो करतं?

शेवटच्या वळणावर गाडीचा वेग आपोआप उतरला. बॅटरी संपतच आली होती. फाटक दिसलं... दिवे दिसले... गाडी रांगत रांगत दारापाशी गेली आणि थांबली. मशीनही त्याच क्षणी थांबलं. दोघं वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले. आईकडचं दार उघडलं, त्यातल्या एकाने तोंड फिरवलं आणि बाही नाकाला लावली. पण म्हातारीला उचललं त्यांनी, नळी लावली, आत नेलं. वाचली ती. महिन्याभरात घरी आली, आता सुनेशी पूर्वीसारखी भांडते.

त्या रात्रीबद्दल तिला विचारलं तर एवढंच म्हणते, ‘‘एका फेरीत दोघं गेलो, बिघडलं काय?’’

आई आत गेल्यावर साडू गाडीपाशी आला. आतला मागचा दिवा लागलेला होता. आईच्या शेजारची सीट रिकामी होती. त्या सीटचा पट्टा लावलेला होता, खटक्यात घट्ट. आणि पट्टा सीटवर पडलेला नव्हता. चांगला वीतभर पुढे, हवेत, गोल ताणून राहिला होता.

साडूने खटका दाबला नाही. तो तिथेच उभा राहिला, कुणीतरी दुसरं स्ट्रेचर घेऊन येईल म्हणून.