तांब्यावरची झेरॉक्स

"चकचकीत कागदावर झेरॉक्स निघंल का?"

शिवांजलीनं मान वर केली. तिच्या वडलांनी, अप्पांनी, शहाण्णवच्या हिवाळ्यात कडा गावातल्या या दुकानात झेरॉक्स मशीन आणलं, तेव्हापासून असलं गिऱ्हाईक पहिलंच. पलीकडच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारा संगमेश... याचे डोळे इतके काळेभोर असतील, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं!

"कावून? साधा कागद आवडत न्हाई का?"

"आवडतो की. पर त्याच्यावरची शाई तांब्यावर उतरत न्हाई."

त्यानं सर्किटचं चित्र पुढं केलं. झेरॉक्सची काळी भुकटी म्हणजे बारीक प्लास्टिकच. इस्त्रीच्या उष्णतेनं ती चकचकीत कागद सोडते आणि तांबं चढवलेल्या पट्टीला धरते. मग पट्टी औषधात बुडवली, की उघडं तांबं विरघळतं आणि काळ्या रेघांखालचं तेवढं उरतं. विहिरीतलं पाणी संपलं की मोटार आपोआप बंद करणारं यंत्र त्याला करायचं होतं. सोमवारी पुण्याच्या कंपनीत ते चालवून दाखवलं, की नोकरी.

शिवांजलीनं घरून इस्त्री आणली. मग रोज दुपारी, अप्पा जेवायला गेले की, दुकानात गरम कागदाचा वास दरवळायचा. बाहेरून कारखान्याच्या मळीचा वास यायचा, तिला तोसुद्धा गोड वाटायचा... हाताला हात लागायचा आणि दोघंही उगाच पट्टीकडे बघत राहायची. संगमेश मात्र भलता उतावळा. कागद गार व्हायच्या आत ओढायचा — रेघा तुटायच्या. दोन पट्ट्या वाया गेल्या.

रविवारी शेवटची पट्टी उरली. अप्पा आष्टीला गेले होते. इस्त्री फिरवून झाली आणि कागदाचं टोक शिवांजलीच्या चिमटीत आलं. आत्ता ओढला, की पुणं रद्द... संगमेश इथंच! पण तिनं ओढला नाही. पट्टी पार गार होईपर्यंत त्याचाही हात धरून ठेवला.

संध्याकाळी सगळे भाग जोडून झाले. इवलासा लाल दिवा लागला.

"लागला!" संगमेश हसला, मग एकदम तिच्याकडे वळला. "म्हंजे... उद्या जावं लागणार."

"मगाशी कागद ओढणार होते मी," ती म्हणाली. "तुमी जाऊ नये म्हणून."

"मग ओढला कावून न्हाई?"

"तुमचं पडलेलं तोंड बघवलं नसतं... लई जीव जडलाय तुमच्यावर."

संगमेश कानापर्यंत लाल झाला. "माजाबी," तो कसाबसा म्हणाला. "नोकरी लागली की मामाला पाठवतो तुमच्या घरी. बोलणी करायला."

"मामा कशाला? अप्पा येतीलच आता."

आणि खरंच, पायरीवर अप्पांच्या चपला वाजल्या. संगमेशनं कॉलर सारखी केली. शिवांजलीनं डोळे गच्च मिटून घेतले.

"अप्पा," त्याचा आवाज आला, "जरा बसता का? तुमच्याशी बोलायचं हाय."