पवनचक्कीतला शेजारी

नोव्हेंबरातल्या एका रविवारी यशोधन बॉनहून गाडी घेऊन निघाला, तो कुणाचीतरी विसरलेली वस्तू परत आणायला. काम एवढंसंच होतं. ऱ्हाइन जिथे सपाट शेतांमधून संथ वाहते, तिथल्या एका खेड्याबाहेर जुन्या शेतवाडीची पवनचक्की आहे. तिची देखभाल करणाऱ्या टेरहोर्स्ट नावाच्या म्हाताऱ्याची मेल आली होती : 'तुमचे भारतातले शेजारी त्यांचं हत्यार इथे विसरले आहेत. हिवाळ्यासाठी चक्की बंद करतोय. येऊन घेऊन जाल का?'

संपदाची, म्हणजे त्याच्या बायकोची, हॉस्पिटलात ड्यूटी होती, म्हणून नऊ वर्षांची ओवी मागच्या सीटवर बसली होती. "कसलं हत्यार?" संपदाने निघताना विचारलं होतं. "चुकून आली असेल मेल," म्हणून त्याने वेळ मारून नेली. चुकून आलेल्या मेलसाठी सुट्टीच्या दिवशी एवढ्या लांब कोण जातं, हे तिने विचारलं नाही, हे त्याचं नशीब.

कारण त्या शेजाऱ्याची गोष्ट यशोधनने तीन वर्षं पोटात ठेवली होती.

यशोधनचे वडील, यशवंत अप्पा, विट्यात पिठाची गिरणी चालवत. चाळीस वर्षं लोकांची दळणं दळून त्यांनी पोराला इंजिनिअर केलं, जर्मनीला धाडलं. आणि पोराने काय केलं? नोकरीला लागल्यावर पहिल्याच जेवणात साहेबांनी, डॉक्टर लिंडेमान यांनी, वडील काय करतात असं विचारलं, तेव्हा याच्या तोंडून निघून गेलं, "सिव्हिल इंजिनिअर होते, आता रिटायर झालेत." साहेबांच्या घरात तीन पिढ्या प्रोफेसर. त्या टेबलावर गिरणीचं नाव काढायला जीभ रेटली नाही, एवढंच त्याचं कारण. एकदा बोलून गेल्यावर मग ते निभावणं आलं.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात अप्पा बॉनला आले आणि नेमकी त्याच आठवड्यात ऑफिसची सहल या पवनचक्कीवर निघाली. त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून यशोधनने ओवीबरोबर त्यांनाही नेलं. चक्की पाहिली आणि अप्पांचं वय वीस वर्षांनी उतरलं. त्यांनी चिमटीत पीठ घेतलं, अंगठ्याने चोळलं, नाकाशी नेलं.

"पीठ करपतंय रे. दगड भोथरा झालाय. टाकी द्यायला पाहिजे."

टाकी म्हणजे दगडाला खाचा पाडायची छिन्नी. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग त्याला पुन्हा टवके पाडावे लागतात. त्यात अप्पांचा हातखंडा होता. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं लोक म्हणतात. अप्पा म्हणायचे, देवपण राहू दे, भाकरी तरी येत नाही. ते तिथे सगळ्यांदेखत गुडघ्यांवर बसले आणि दगडाच्या कडेवरून हात फिरवू लागले. केस, भुवया, बाह्या, सगळं पांढरं. टेरहोर्स्टने कौतुकाने विचारलं, "हे कोण?" लिंडेमानसाहेब मान वळवून बघत होते.

"शेजारी," यशोधन जर्मनमध्ये म्हणाला. "आमच्या गावाकडचे. फिरायला आलेत."

अप्पांना जर्मन येत नव्हतं. त्यांना कळलं नसणार, अशी यशोधनने स्वतःची समजूत घातली. अप्पा जूनमध्ये परत गेले आणि डिसेंबरच्या एकोणीस तारखेला वारले. गिरणीवरच्या गड्याने त्यांची टाकी सरणावर त्यांच्या हाताशी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडताना राखेत ते लोखंड काही सापडलं नाही. उचललं असेल कुणीतरी, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

तर आता तो त्याच चक्कीसमोर उभा होता. साडेतीनलाच उजेड मावळायला लागला होता. शेतांवर धुकं उतरलं होतं, कुठे बीटच्या पाल्याचा कुजका वास येत होता आणि वर पवनचक्कीची चारही पाती निश्चल होती. पानही हलत नव्हतं.

आत मात्र ताज्या दळणाचा वास होता. गरम, किंचित गोड. यशोधन त्या वासात वाढला होता. तो दारातच थबकला.

"आज दळलंत का?" त्याने विचारलं.

"अहो, कसं दळणार?" टेरहोर्स्टने टोपी काढून टक्कल खाजवलं. "चार दिवस वारा नाही. पण वर जाऊन दगडाला हात लावा. कोमट लागेल."

ओवी जिन्याने वर जाऊ का म्हणून विचारत होती. म्हाताऱ्याने मान डोलावली. ती शिडीसारख्या जिन्यावरून वरच्या मजल्यावर, दगडांपाशी गेली. टेरहोर्स्टने टेबलावर पाहुण्यांच्या सह्यांची जाडजूड वही उघडली.

"तुमच्या शेजाऱ्यांनी आम्हाला फार मदत केली," तो म्हणाला. "गेली दोन वर्षं महिन्यातून एकदा येतात. पायवाटेने, भल्या सकाळी. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची. आम्ही हातांनी बोलतो. दगड इतका छान झालाय म्हणून सांगू... एकच विचित्र वाटतं. कामाला हात लावायच्या आधीच ते अंगभर पांढरे असतात."

यशोधनने वही स्वतःकडे ओढली.

"जाताना इथे एक ओळ लिहितात. मला वाचता येत नाही. तुम्ही वाचून दाखवाल का?"

देवनागरी अक्षर होतं. उभं, ठसठशीत, दळणाच्या डब्यांवर नावं लिहून घोटलेलं. पहिली ओळ तीन वर्षांपूर्वीच्या सहलीच्या दिवसाची : 'चक्की चांगली आहे. दगडाला टाकी हवी. यशवंत, विटा. यशोधनचे शेजारी.'

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला त्या टेबलापाशी कळलं. बापाला कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं, आणि बापाने ते निमूट लिहून पोराची बाजू राखली होती.

त्याने पानं उलटली. दर महिन्याची एकोणीस तारीख. 'टाकी दिली. शेजारी.' 'पीठ बरे येते. शेजारी.' 'थंडी फार. शेजारी.' पहिली सोडली तर सगळ्या ओळी अप्पा गेल्यानंतरच्या होत्या.

"काय लिहिलंय?"

"कामाचंच... दगडाचं."

"आणि ते तुमचे नक्की कोण?" टेरहोर्स्टने सहज विचारलं. "नुसता शेजारी तुमच्याबद्दल असं विचारत नाही. आले की हाताने उंची दाखवतात, मग गाडीचं चाक फिरवून दाखवतात. म्हणजे तुम्ही आलात का, असं विचारतात, असं मला वाटतं."

आता सांगायला काय हरकत होती? साहेब नव्हते, ऑफिस नव्हतं, एक म्हातारा होता आणि वर पोर. पण सांगायचं म्हणजे तेव्हा खोटं बोललो हे सांगायचं, ते का बोललो हे सांगायचं, आणि ते वारलेत हेही सांगायचं. यशोधनने वहीवरून नजर उचलली नाही.

"शेजारीच," तो म्हणाला.

वरच्या मजल्यावर आवाज झाला. टक्... टक् टक्... टक्. लोखंडाचा दगडावर. बेताचा, सवयीच्या हाताचा.

"ओवी, हात नको लावूस," तो ओरडला. आवाज थांबला.

टेरहोर्स्ट मागचं दार लावायला गेला. तेवढ्यात यशोधनने पेन उचललं, पहिल्या ओळीतला 'शेजारी' खोडला आणि वर लिहिलं : 'वडील'. लिहून त्याला थोडं हलकं वाटलं. जी लिपी तिथलं कुणी वाचू शकत नव्हतं तिच्यात त्याने कबुली दिली होती, आणि तेवढ्यावर तो समाधान मानायला निघाला होता.

ओवी दोन्ही हातांत टाकी धरून खाली आली. मूठ नवी, कोऱ्या लाकडाची. पण लोखंडावर निळसर जांभळी झाक होती. लोखंडाला असा रंग कशाने येतो, ते इंजिनिअरला सांगावं लागत नाही. ते आगीत पडून निघालं होतं.

मोडकी मराठी ओवी फक्त आजोबांशी बोलायची, बापाशी नाही. परतताना ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाली, "आजोबांनी विचारलं."

"काय विचारलं?"

"तू खाली काय म्हणालास ते. मागच्या वेळेलाही विचारलं होतं."

"मग... तू काय सांगितलंस?"

"तू म्हणालास तेच. दोन्ही वेळेला. खोटं नाही ना बोलायचं." ती खिडकीबाहेर बघू लागली. "ते रागावले नाहीत, बाबा. म्हणाले, असू दे."

यशोधनने पुढच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवली आणि बराच वेळ तो बाहेर थंडीत उभा राहिला. घरी आल्यावर टाकी त्याने बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर ठेवली. संपदाला सांगितलं, जुनी वस्तू आहे, शोभेची.

पुढच्या शनिवारी लिंडेमानसाहेब सपत्नीक चार वाजता कॉफीला यायचे होते. संपदा केक आणायला खाली गेली होती. पावणेचारला टेरहोर्स्टची मेल आली, सोबत फोटो. 'तुम्ही गेल्यापासून चक्कीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडेच असते. आज छप्पर बघायला गेलो. तुमचे शेजारी येऊन गेलेले दिसतात. मला वाचता येत नाही, पण त्यांनी वहीत काहीतरी दुरुस्त केलंय.'

फोटोत ते पान होतं. त्याने लिहिलेल्या 'वडील'वर एक सरळ रेघ मारलेली होती आणि बाजूला ठसठशीत अक्षरात पुन्हा 'शेजारी'. पानाच्या तळाशी नवी ओळ होती : 'असे लिहू नये. पोराची अडचण होते. टाकी पोराकडे गेली, आता इकडे येणे होणार नाही.'

यशोधनने फोन खाली ठेवला. घरात वास येत होता. गरम, किंचित गोड. केक तर अजून यायचा होता.

त्याने कपाटाकडे पाहिलं. टाकी जागेवर नव्हती.

खालून बेल वाजली. साहेब वेळेचे पक्के, पाच मिनिटं आधीच आले होते. तो दाराकडे वळला, तर पॅसेजमध्ये ओवी उभी होती, आणि तिच्या गडद निळ्या स्वेटरच्या खांद्यावर पाच बोटं पांढरी उमटली होती. जन्मात बापाला जर्मनशिवाय उत्तर न दिलेली ती पोर, हळू आवाजात, चक्क विट्याच्या मराठीत बोलली.

"बाबा, आजोबा इचारत्यात... सायब आल्यावर मी कोन म्हनून बसू?"

बेल दुसऱ्यांदा वाजली.