एकटं राहण्याची शिकवणी

ताई गेल्यावर पंधरा दिवसांनी मी पुन्हा कामावर जायला लागले, आणि त्याच दिवशी कुत्र्यानं दाराची खालची फळी नखांनी सोलून काढली.

घरात आम्ही दोघी बहिणीच. मी कवळ्या बनवणाऱ्यांकडे कामाला आहे. मेणात दात बसवणं हे माझं काम. ताई घरीच शिवणकाम करायची, त्यामुळे आठ वर्षांत कुत्रा एकटा असा कधी राहिलाच नव्हता. त्याला आम्ही कारकून म्हणायचो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची पादत्राणं हुंगून तो जणू आवक-जावक नोंदवायचा. आता साडेआठला मी दार ओढून घेतलं की तो रडायला लागायचा, तो थेट मी परत येईपर्यंत. वरच्या मजल्यावरचे निवृत्त टायपिस्ट काठी टेकत खाली आले आणि ओशाळून म्हणाले, की दिवसभर ऐकवत नाही हो. इमारतीच्या समितीनं ओशाळण्यात वेळ घालवला नाही. महिनाभरात आवाज बंद झाला नाही तर कुत्रा हलवा, असं पत्रच आलं.

तो गेला असता तर ताईच्या मायेचं जिवंत असं काहीच उरलं नसतं. मी तीन आठवड्यांची रजा टाकली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवणी आखून दिली. आधी नुसती किल्ली उचलायची आणि परत खुंटीला अडकवायची. मग बूट घालून खुर्चीत बसून राहायचं. मग दाराचं हँडल दाबून सोडून द्यायचं. त्या आवाजांचं त्याला काही वाटेनासं झालं, की अर्धा मिनिट बाहेर, मग एक, मग तीन. जाताना निरोप घ्यायचा नाही, आणि तो रडत असताना काहीही झालं तरी दार उघडायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

"रडलं की माणूस परत येतं, असं एकदा त्याच्या डोक्यात बसलं की संपलं," त्या म्हणाल्या.

मी दारापासून खाली सहाव्या पायरीवर घड्याळ हातात घेऊन बसायचे. आत तो गळा काढायचा, बाहेर मी ओठ चावत बसायचे. त्याचं रडणं थांबलं, की मनात दहा मोजून आत जायचे.

नवव्या दिवशी तो पहिल्यांदा चार मिनिटं गप्प राहिला. मला हायसं वाटतंय न वाटतंय तोच आतून किल्ली वाजली. खुंटीवरून काढल्यासारखी, आणि परत अडकवल्यासारखी. माझी किल्ली माझ्या मुठीत होती. खुंटीला ताईची होती. कारकुनानं उडी मारली असेल, मी म्हटलं. खुंटी माझ्या डोक्याच्या उंचीवर आहे, हे मला नंतर सुचलं.

दहाव्या दिवशी फरशीवर सपाता घासल्या. मग शिलाई मशीनपुढचं स्टूल करकरलं, कुणी बसावं तसं. मी दार उघडलं तर कारकून चटईवर पसरला होता. शेपटी आपटत होता, पण माझ्याकडे बघून नाही.

अकराव्या दिवशी मी पायरीवरून वर बघत असताना हँडल खाली गेलं, आणि सावकाश वर आलं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कुत्री हँडल दाबायला शिकतात, त्यात नवल नाही. गप्प राहतोय ना, मग सोन्याहून पिवळं. मीही तेच धरून बसले. पण किल्ली, पादत्राणं, हँडल, हा क्रम मला चांगलाच ओळखीचा होता.

तिसऱ्या आठवड्यात कारकून चार-चार तास शांत राहू लागला. समितीनं पत्र मागे घेतलं. रजेचा शेवटचा दिवस रविवार होता. शिकवणी संपली होती, म्हणून मी दुपारी नुसती टेबलाशी बसून होते. कारकून उठला, दाराकडे पाहिलं, आणि येऊन माझ्या पावलांवर आडवा झाला.

हँडल खाली गेलं. दार उघडलं, मिटलं. मध्ये कुणी नव्हतं.

जिन्यावर सपाता वाजल्या. मी पायऱ्या मोजल्या. सहाव्या पायरीवर त्या थांबल्या.

मी उठले तेव्हा कारकून माझ्यावर गुरगुरला. आयुष्यात पहिल्यांदा. दाराला पाठ लावून तो माझ्यासमोर बसला. मग मला रडू फुटलं. ताई गेली त्या दिवशीही मी रडले नव्हते. तेव्हा धावपळच इतकी होती. आता मात्र लहान मुलीसारखी हुंदके देत होते, आणि माझाच आवाज मला ऐकवत नव्हता.

दार उघडलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. दमून मी गप्प झाले. थोड्या वेळानं हँडल खाली गेलं आणि कारकुनाची शेपटी हलायला लागली. स्टूल करकरलं. तिकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

सोमवारपासून मी कामावर जायला लागले. डॉक्टरीणबाईंना, टायपिस्टना, कुणालाच काही बोलले नाही. बोलले असते तर बंद झालं असतं, अशी भीती होती. रोज संध्याकाळी मी आले, की थोड्या वेळानं दार उघडून मिटायचं. ते पुन्हा उघडायला पहिल्या दिवशी पाच मिनिटं लागली. मग दहा. मग अर्धा तास. मला रडायचं असायचं. पण रडलं की येणं लांबायचं, म्हणून मी कारकुनाच्या मानेत बोटं रुतवून बसायचे.

काल एक तास झाला. मी रडले नाही. मला रडूच आलं नाही, हे जरा उशिरा लक्षात आलं.

तेवढ्यात वरून काठी वाजत आली. टायपिस्ट फिरायला निघाले होते. आमच्या दारावरून चार पायऱ्या उतरून ते थांबले.

"बसा बसा, उठू नका. मी कडेनं जातो," ते म्हणाले. मग विचारलं, "आज किती वेळ?"

उत्तराला लागावा तेवढा वेळ गेला.

"अरे वा," ते म्हणाले. "मग आता जायला हरकत नाही."

काठी खाली उतरत गेली. तिच्यामागून, दोन पायऱ्या सोडून, सपाता.