बारावी पट्टी

यातलं काहीही मी रंगवलेलं नाही. रंगवता आलं असतं, तर आधी शेवट बदलला असता.

गेल्या ऑक्टोबरातला शुक्रवार. कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळची आमची छोटी प्रयोगशाळा. गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगावरच्या संशोधनासाठी आम्ही तिथे रक्त तपासतो. आई बावीस वर्षं होती तिथे. मी सहा.

कागदासारख्या अरुंद पट्ट्या रुग्णांच्या रक्तद्रवात भिजवायच्या. रोग असेल तर रेषा उमटतात. बारावी पट्टी मात्र निरोगी माणसाची. ती कोरी राहिली, तरच बाकीच्या अकरा खऱ्या मानायच्या.

ते निरोगी रक्त आईचं असायचं.

"बेव्हर्ली, तुझ्या जिवावर चाललंय सगळं," आमचे प्रमुख ड्वाइट त्या सकाळी म्हणाले. "आजारी पडायची सोय नाही तुला."

"ड्वाइट, गोचीडसुद्धा तुझ्याइतकं रक्त पीत नाही," म्हणत आईने दंड पुढे केला.

दुपारी ती जिना चढून आली, आणि धापा टाकत दाराशी उभी राहिली.

"काय गं, दमलीस?"

"तू झालीस तेव्हापासून दमलेय, नोरीन."

मी हसले. मग पट्ट्या वाचायला घेतल्या...

बारावीवर रेषा होत्या.

फिकट. पण होत्या.

असं कधीच झालं नव्हतं. मला वाटलं, पट्टीच खराब निघाली. फ्रीजरमध्ये आईचं एप्रिलमधलं, सहा महिन्यांपूर्वीचं रक्त होतं. ते वापरून पुन्हा तपासलं.

कोरी.

म्हणजे पट्टीच खराब, असं ठरवून पहिली मी कचऱ्यात टाकली. वहीत नोंद केली नाही. आईलाही काही सांगितलं नाही.

रविवारी अंगणात पडलेली पानं गोळा करताना आई कोसळली. लाइम हृदयापर्यंत गेला होता, असं शवविच्छेदनात निघालं. वेळेवर औषध मिळालं, तर बहुतेक माणसं यातून उठतात.

ड्वाइटनी तिच्या रक्ताच्या उरलेल्या कुप्या नष्ट केल्या. बाराव्या पट्टीसाठी ते स्वतःचं रक्त देऊ लागले.

पहिल्याच खेपेला... रेषा.

त्यांनी बाहेर तपासणी करून घेतली. काहीही निघालं नाही.

"नोरीन, तुझं काही चुकतंय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या शनिवारी दुपारी मी एकटीच होते. ट्रेच्या बाराव्या खाचेत रक्त घातलंच नाही. नुसतं पाणी. ट्रे हलवणारं यंत्र चालू केलं. त्याची एकसुरी घरघर सुरू झाली.

आणि थांबली.

फ्रीजरचाही आवाज नाही.

मग जिन्यावर पावलं वाजली. दोन पायऱ्या... विसावा. पुन्हा दोन पायऱ्या... आणि धाप.

मी दार उघडलं. जिना रिकामा होता.

परत आले, तेव्हा यंत्र चालू होतं. बाराव्या पट्टीवर रेषा होत्या. मी फेकलेल्या पट्टीवर होत्या, त्याच जागी. या वेळी गडद.

तेव्हापासून एकही खेप खरी धरता आलेली नाही. अकरा-अकरा माणसांचे निकाल अडकून पडतात. ड्वाइट आता काही विचारत नाहीत. मला झोप नाही.

काल दुपारी पावलं पुन्हा आली. या वेळी जिन्यावर थांबली नाहीत. दाराशी आली.

धाप माझ्या पाठीमागे होती.

मी वळले नाही. टेबलाची कड धरली आणि मोठ्याने म्हणाले,

"आई, तुझी पट्टी मी पाहिली होती. शुक्रवारीच. तू समोर उभी होतीस, आणि मी ती फेकून दिली."