व्हॅनच्या टपावर

हसा, हसून घ्या. दिवे यायला वेळ आहे आणि तुम्हाला दुसरा उद्योग नाही. ज्याची गोष्ट सांगतोय, तोही असाच दात काढायचा. आमच्याच गॅरेजात होता, बंद पडलेल्या गाड्या टोचन करून आणायचा. सगळे त्याला कप्तान म्हणायचे. म्हणजे त्यानेच म्हणायला लावलं होतं.

ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार. समुद्रावरून आलेलं वादळ विरत चाललंय, असं संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं. झालं! कप्तानने टेबलावर तंगड्या पसरल्या. "मेलेल्या वादळाला काय घाबरायचं?" वारा पडला होता, हे खरं. पण वादळाच्या पोटातलं पाणी जाणार कुठे? ते सगळं आमच्या डोक्यावर ओतलं गेलं आणि बघता बघता नाल्याने रस्ता गिळला.

नऊच्या सुमारास त्याच्या धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, हे अजून आले नाहीत रे. रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात गाडी बंद पडली म्हणाले, आणि आता फोनच लागत नाही. तू जा ना."

बहिणीचा नवरा शाळेत मास्तर. त्याचं नुसतं नाव काढलं तरी कप्तानच्या कपाळावर आठ्या पडायच्या. "त्या पुस्तकातल्या किड्याला समोरचं पाणी दिसलं नाही?" असं पुटपुटत त्याने ट्रक बाहेर काढला.

भुयाराच्या उतारावर थांबून त्याने हेडलाइट टाकले. मास्तरांची व्हॅन काचांपर्यंत बुडालेली, नुसता टप वर. आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. बुडालेल्या गाडीच्या टपावर आधी दोनदा ठोकायचं आणि थांबायचं. आत कोणी अडकलं असेल तर उत्तर देतं. कप्तान याला म्हाताऱ्यांचे चोचले म्हणायचा. शिवाय एवढ्या पाण्यात उतरून साहेबांची पँट कोण भिजवणार?

"पळाला असेल भित्रा. गाडी सकाळी बघू," असं म्हणून त्याने रिव्हर्स टाकला.

टक. टक.

त्याच्या ट्रकच्या टपावर.

वर झाड नाही. तार नाही. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. नुसता पाऊस.

टक. टक. आणि मग... थांबणं. कोणी उत्तराची वाट बघत असावं, तसं.

"क... कोण आहे रे?"

...

एवढा मोठा कप्तान, पण सीटखाली शिरायला जागा शोधत होता!

मग आवाज सरकला. बॉनेटवर आला. मग पाण्याच्या पलीकडे गेला. व्हॅनच्या टपावर.

टक. टक.

...

आणि आतून एक. अगदी हळू.

टक.

मास्तर आत होते. बहिणीचं कुंकू त्या डब्यात बुडत होतं आणि हा घरी निघाला होता. आता मात्र तो उतरला. लाजेने की भीतीने, ते त्याचं त्याला माहीत. छातीभर पाण्यात शिरून त्याने हूक अडकवला आणि व्हॅन उतारावर ओढून घेतली. दार उघडलं तसं पाणी भसकन बाहेर आलं, पाठोपाठ मास्तर. ओठ निळे पडलेले, पण जिवंत. टपाखाली वीतभर हवा उरली होती, तिथे नाक लावून तग धरला होता.

पुढे कप्तानने आपलं शौर्य चौकाचौकात छाती फुगवून सांगितलं. त्यानंतरचं मात्र सोयीस्कर गाळलं. ते मला मास्तरांनीच सांगितलं.

दात वाजत असताना ते म्हणाले, "दादा, आधी त्या गृहस्थांना खाली घ्या."

"कुठल्या?"

"टपावर बसलेत ते. माझे डोळे मिटायला लागले की ठोकायचे. मी उत्तर दिलं की थांबायचे. मधे एकदा उतरून गेले. वाटलं, संपलं आता. पण आले परत."

कप्तानने टॉर्च वर मारला.

कोणी नाही.

पाऊस धो धो कोसळत होता. सगळा टप वाहत होता... मधला भाग सोडून. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी जागा. पाऊस तिच्यावरही पडत होता.

आणि तिच्यावरची धूळसुद्धा भिजली नव्हती.